बप्पाच्या बदल्यात

परवा दुकानात दोन पोरं आली. युरियासाठी आली असतील म्हणून मी मान वर न करताच सांगितलं, गाडी सोमवारी येणार आहे. तर म्हणे युरिया नको, सल्ला पाहिजे. त्यांच्या टीममधला एक जुना खेळाडू दुसऱ्या गावाला द्यायचाय, बदल्यात तरणा माणूस आणायचाय, कसं करायचं? "सुभाषभाऊ, तुमाला अनुभव हाय म्हणं." मी म्हणालो, बाबांनो, जुना ट्रॅक्टर विकून द्या म्हणा, देतो. भावाभावांतलं बांधाचं भांडण मिटवा म्हणा, दोघांच्या शिव्या खाऊन मिटवतो. सोयरीक जुळवायला लावा, लग्नात जेवायला नाही बोलावलं तरी चालेल. पण माणूस बदलून द्यायचं काम मला सांगू नका. पोरं हसली, चहा प्याली आणि गेली. त्यानंतर माझं चित्त काही थाऱ्यावर आलं नाही. दुकानातून बाहेर, बाहेरून दुकानात. विष्णुबप्पा आठवले की मला असंच होतं.

आमच्या बाजूला शूटिंग म्हटलं की पिक्चरचं कोणी समजत नाही. शूटिंग म्हणजे शूटिंगबॉल. मध्ये जाळी, इकडं सात जण, तिकडं सात जण, आणि दोन्ही मुठी जुळवून चेंडू असा हाणायचा की समोरच्यानं हात लावला तरी तो चेंडू लांब रानात जावा. घरोघरी मोबाईल आले, पोरं क्रिकेटच्या नादी लागली, तरी जत्रेला शूटिंगचे सामने नसले तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही आमच्याकडे. टीम गावाची असते. पण एक रीत आहे. दोन गावांचं पटलं तर खेळाडूची अदलाबदल होते. दोन्हीकडची शहाणी माणसं बसतात, बोलणं होतं, नारळ फुटतो, खेळाडू एकमेकांच्या गावचे शर्ट घालतात आणि तो हंगाम संपेपर्यंत तो माणूस त्या गावचा. गद्दार वगैरे कोणी म्हणायचं नाही. चांगली रीत आहे, मी नाव ठेवत नाही. फक्त ती विष्णुबप्पांसारख्या माणसासाठी केलेली नव्हती.

बप्पा उंच, काळेसावळे, मिशी पांढरी व्हायला लागलेली पण छाटलेली टोकदार. गळ्यात कायम एक लाल पंचा. मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा पुरायचा नाही, म्हणून घड्याळच नाही. आणि बसणं माहीत नाही. चहा उभ्यानं, जेवण झालं की लगेच उभे, लग्नात अक्षता पडेपर्यंत मांडवाच्या चार फेऱ्या. नारायणगडाला दर्शनाला गेलो तर रांगेत सुद्धा हा माणूस पुढं-मागं करायचा आणि मागचा म्हणायचा, अहो पाव्हणं, तुमची जागा नक्की कोणती? त्यांच्याकडं काही काम घेऊन गेलं की एकच वाक्य. "बोल. उभ्यानंच बोल. बसला की मानूस लांबड लावतो." आता मला सांगा, आमच्या गावातली निम्मी कामं बसूनच होतात. ती कामं बप्पांकडून कधीच झाली नाहीत. सोसायटीत कोणी घेतलं नाही, ग्रामपंचायतीला उभे राहिले ते पडले. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. उभा राहिलो ना, म्हणायचे.

सामन्याच्या आधी बप्पा मैदान पायाखाली घालायचे. चुन्याची फक्की मारून रेषा आखायच्या आधीच अनवाणी पायानं एक-एक वीत जागा चाचपत फिरायचे आणि सापडेल तो खडा उचलून पायजम्याच्या खिशात टाकायचे. फेकायचे नाहीत. फेकला तर कोणाच्या तरी पायात येईल म्हणे. त्यांची बायको, आमच्या वैनी, कपडे धुताना वैतागायच्या. "साऱ्या तालुक्याचं ग्राउंड माझ्या न्हानीत येऊन पडलंय," म्हणायच्या. खोटं नव्हतं. त्यांच्या न्हाणीघरापुढं खड्यांचा एक ढीगच होता आणि पावसाळ्यात त्याच्यावरून चिखल न लागता घरात जाता यायचं.

त्यांच्या भरातली गोष्ट सांगतो म्हणजे माणूस कळेल. तलवाड्याच्या पलीकडं एका गावच्या जत्रेत सामना होता. सुरू व्हायच्या आधी समोरचा कॅप्टन पानाचा पुडा घेऊन आमच्याकडं आला. म्हणाला, बप्पाला बाहेर बसवा, आम्ही आमचा जाळीवरचा भारी माणूस बसवतो, सामना तरी बरोबरीचा होईल. आम्ही एकमेकांकडं बघतोय तोवर बप्पाच बोलले. "मला बसवायचं तर दोघं बसवा. एकात परवडत न्हाई." आणि त्या बहाद्दरांनी खरंच दोघं बसवले! आमचे सहा, त्यांचे पाच. पण बप्पा बसतात होय? रेषेच्या बाहेरून त्यांच्या फेऱ्या सुरू. "डावीकडं सरक, आरं खाली बघ, खाली बघ म्हन्तो ना बे." मैदानाला प्रदक्षिणा घालायला लागले. पंचाला भोवळ यायची वेळ आली. शेवटी त्या गावचेच लोक ओरडायला लागले, "घ्या त्याला आत! आमी खेळ बघाय आलोत, वरात बघाय न्हाई." मग त्यांचे दोघं आत, आमचे बप्पा आत, आणि तो सामना त्यांनी हसत हसत घालवला. पुडा मात्र आमच्या खिशात राहिला.

एके काळी ज्याला बाहेर ठेवायला लोक दोन-दोन माणसं द्यायला तयार होते, त्यालाच पुढं मी गावोगाव घेऊन हिंडलो. बदल्यात एक माणूस द्या हो, म्हणत.

म्हातारपण बप्पांच्या गुडघ्यातून आलं. चाळिशी उलटून बरीच वर्षं झालेली. हाताला काही झालं नव्हतं, मार तोच होता. पण खाली वाकले की वर यायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात दुसरा चेंडू येऊन गेलेला असायचा. दोन हंगाम आम्ही गप्प बसलो. हरलो की पंचावर ढकलायचो, उन्हावर ढकलायचो, जाळी ढिली होती म्हणायचो. सगळ्यांना कळत होतं. तिकडं आमच्याच गावचा अक्षय बाहेर बसून होता. डेअरीवर कॅन उचलून उचलून खांदे झालेला पंचविशीचा गडी, त्याचा चेंडू आला की समोरचे डोळे मिटायचे. एक दिवस तो दुकानात येऊन म्हणाला, "सुभाषभाऊ, मला खेळवायचं नसंल तर तसं सांगा. मी बीडच्या टीमला जातो. पर बप्पाला कोनी काही बोलू नका." आता यावर काय बोलणार? पोरगं चांगलं असलं की अजून अवघड.

मारुतीच्या पारावर मीटिंग भरली. कमिटी म्हणजे आम्ही पाच-सात रिकामटेकडे. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बघायचं, खाली बघायचं, तंबाखू मळायची. बप्पांना तोंडावर सांगायची कोणाची टाप नव्हती. शेवटी ठरलं की उमापूरच्या टीमला बप्पा द्यायचे आणि त्यांचा जाळीवरचा तरणा माणूस घ्यायचा. त्याचं त्याच्या टीममध्ये पटत नव्हतं. बप्पांची जागा अक्षयला, आणि जाळीवर आमचा गडी कच्चाच होता, तिथं हा. बप्पांचा मान राहील, नाव घेऊन जातील, आमच्याही टीमची घडी बसेल. आणि हे सगळं जुळवायचं कोणी? खताच्या दुकानात साऱ्या गावची माणसं येतात म्हणून सुभाषनं. मी उठून चाललो होतो, त्यांनी शर्ट धरून बसवलं.

बप्पा शेतात बांधावर उभे होते. मी ऊस कसा आहे, पाणी किती आहे, वैनींची तब्येत, असं चालू केलं. त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं.

"अक्षयला जागा पायजे, न्हवं?"

मी बांधावरचं गवत उपटायला लागलो.

"पायजेच. पोरगं चांगलं हाय, त्याचा चेंडू मी घेतलाय, मनगट बधिर करतो. मी जातो दुसऱ्या गावाला." मग माझ्याजवळ येऊन बोट रोखून म्हणाले, "पर एक ध्यानात ठीव. मी खेळायला जानार. बसायला न्हाई. बसायला घरी वसरी हाय माझी."

एवढीच अट. मला वाटलं सोपं आहे. मी आनंदात गावात आलो आणि मूर्खासारखा सगळ्यांना सांगत सुटलो, जमलं म्हणून.

उमापूरच्या टीमचे दत्ताभाऊ मोठे दिलदार. गेवराईला एका हॉटेलात आमची बैठक झाली. मी बप्पांना मुद्दाम सांगितलं होतं, तुम्ही येऊ नका, खेळाडूनं सौद्याला यायचं नसतं. कमिटीनं मला सांगितलं होतं, गुडघ्याचं बोलू नको. दत्ताभाऊंनी दोन वर्षांत बप्पांना पाहिलेलं नव्हतं. भजी आली, चहा आला, बोलणं रंगात आलं. दत्ताभाऊ म्हणाले, विष्णुबप्पा आमच्या शर्टात! अहो, नुसतं नाव ऐकून निम्म्या टीमा पडतील. नारळ आणायला माणूस पाठवला. आणि दारात लाल पंचा.

"दत्ता, खोड सांगितली का यानं?"

माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. आमच्याकडं बैलबाजारात कासरा दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी विकणाऱ्यानं बैलाची खोड सांगायची असते. मारका असेल तर मारका, कामात मध्येच बसणारा, बशा असेल तर बशा. न सांगता दिला तर त्या घराशी कोणी परत व्यवहार करत नाही. बप्पांनी आयुष्यभर बैल पाळले, ती सवय हाडात. पण म्हणून इथं?

"बप्पा, तुमी कशाला आलात?" मी उठलो.

"जनावर देताना खोड सांगतो आन मानूस देताना कावून लपवायची बे?" मला बाजूला सारून ते दत्ताभाऊंसमोर उभे राहिले. "दत्ता, ऐक. डावा गुडघा गेलाय. वाकलो की उठायला येळ लागतो. डाव्या अंगाला चेंडू आला तर दिसतो, पर पाय जात न्हाई. दुसरं, पंच चुकला तर मी बोलनार, मला बोललं बिगर ऱ्हावत न्हाई. तिसरं, पोरं टंगळमंगळ करू लागली तर मी शिव्या देतो. मार हाय अजून. मनगट बघून घे. आता तू सांग."

दत्ताभाऊंनी खरंच ते मनगट हातात घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाले, "बप्पा, तुमी लई खरं बोलले. आता मी पोरान्ला काय सांगू?" नारळ घेऊन माणूस आला तेव्हा आम्ही उठलो होतो. दत्ताभाऊंनी तो नारळ तसाच बप्पांच्या हातात दिला, देवाला वाढवा म्हणून.

परत येताना मोटारसायकलवर मी मागं वळून वळून भांडत होतो. "तुमाला खेळायचंय का न्हाई खरं सांगा! जुळलेलं मोडलं तुमी!" गाडी खड्ड्यात जायची राहिली. बप्पा मागून शांतपणे म्हणाले, "लपवून गेलो असतो तर पहिल्या सामन्यातच त्यांला कळलं असतं. मंग त्यांनी बसवला असता. तुमी बसवलेला मी सहन करीन बाबा, तुमी घरचे हाव. दुसऱ्याच्या गावात बसून काय करू?" मी गाडी जोरात चालवली.

पुढचा प्रयत्न मी केलाच नव्हता, तो आपण होऊन चालत आला. गोदाकाठच्या एका गावचा नवा पुढारी, वयानं अक्षयएवढाच पण गाडी पांढरी आणि मागं चार माणसं. सगळे त्याला अध्यक्ष म्हणत. कशाचे ते मी विचारलं नाही. त्याला विष्णुबप्पा पाहिजेत, बदल्यात कोणताही माणूस उचला म्हणाला. मी तर हवेतच गेलो. बप्पांना घेऊन त्याच्या गावी गेलो. मैदान झकास केलं होतं, कडेला मांडव, मांडवात गाद्यांच्या खुर्च्या. बप्पांनी चपला काढल्या आणि खडे वेचायला सुरुवात केली.

"आहो बप्पा, हे पोरं करतील," अध्यक्ष म्हणाला. "तुमी हितं खुर्चीवर बसायचं. आपल्या टीमचा शर्ट घालायचा, हार घालून घ्यायचा. बॅनरवर मोठा फोटू. तुमी नुसते बसलात तरी आमचं नाव व्हतंय."

"आन खेळायचं कवा?"

अध्यक्ष हसला. त्याला वाटलं बप्पा गंमत करतायत. "आता या वयात कशाला दगदग?"

बप्पांनी खिशातले खडे काढले, वेचले होते तिथंच नीट ठेवले आणि चपला घातल्या. त्यांनी खडे परत ठेवलेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

मग आमच्या कमिटीनं जी अक्कल पाजळली तिला तोड नाही. कोणीच खेळायला घेत नाही ना, मग आपणच मोठा सत्कार करू. म्हणजे बप्पा खूश होतील, निवृत्त होतील, अक्षयचा रस्ता मोकळा. आमच्याच जत्रेत, सामने सुरू व्हायच्या आधी. त्यांना काही सांगायचं नाही, ऐन वेळी नाव पुकारायचं. स्पीकर लावला, स्टेज बांधलं, ताटात शाल, श्रीफळ, फेटा. पाहुणे म्हणून कोण, तर तोच पांढऱ्या गाडीवाला अध्यक्ष. बप्पा खेळायच्या कपड्यात, पंचा कमरेला बांधून आले. मैदान चाचपत चाचपत स्टेजजवळ आले आणि ताटावरचा रुमाल वाऱ्यानं उडाला. शाल दिसली.

"आता मी विनंती करतो की आदरणीय विष्णुबप्पांनी मंचावर यावं." आमचा सूत्रसंचालक फार गोड गळ्याचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आदरणीय विष्णुबप्पा..." परत टाळ्या. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा बाया हसायला लागल्या. मैदानाला लागून शाळा आहे, तिच्या मागच्या भिंतीवर एक पाय इकडं, एक तिकडं, असे आदरणीय विष्णुबप्पा, आणि क्षणात तेही नाहीत. त्या गुडघ्यानं ती भिंत कशी चढले देव जाणे. ताट तसंच धरून मी उभा. काय करणार, ती शाल आम्ही अध्यक्षाच्या खांद्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी भांडायलाच गेलो. वैनी दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यान्ला कुटंबी पाठवा पर घरी बसवू नका. कालपासून आंगनात फेऱ्या मारून मारून कुत्र्याला झोपू दिलं न्हाई." बप्पा आतून आले. मी तोंड उघडायच्या आधीच ते कडाडले. त्यांना एवढं चिडलेलं मी पंचासमोर सुद्धा पाहिलं नव्हतं.

"सुभाष, मेलेल्या मानसाला आपुन काय करतो बे? हार घालतो, कापड घालतो, त्याच्याबद्दल चांगलं बोलतो, आन उचलून नेतो. कालच्याला निस्तं उचलायचं ऱ्हायलं व्हतं."

"बप्पा, मान द्यायला..."

"मला मान कवा पायजे म्हनलो मी? मला चेंडू पायजे."

आणि त्यांचा आवाज फाटला. पंचा तोंडाला लावून ते मागच्या बाजूला गेले. वैनींनी तांदळातून मान वर केली नाही. मी बिनचहाचा परतलो. वाटेत मला रडू आलं, उगाच लाजत कशाला सांगू. वाईट कोणाचंच नव्हतं हो. अक्षय खरा होता, गाव खरं होतं, दत्ताभाऊ खरे होते. पण त्या माणसाला एक मैदान देता येईना आम्हाला.

डोंगराकडं मेंढपाळांची एक वस्ती आहे. दहा-पंधरा घरं. तिथला मारुती नावाचा मेंढपाळ एक दिवस पारावर आला, आम्ही सगळे बसलेलो असताना. सोबत दोरीला एक एडका. शिंगं अशी गोल वळलेली, अंगानं तुकतुकीत. आम्हाला वाटलं विकायला आणलाय.

"आमची टीम हाय," मारुती म्हणाला. "पर आमी सहाच हावोत. सातवा दर बारीला उसना आनतो, तो टायमाला येत न्हाई. सातवा न्हाई म्हून मागच्या जत्रंत आमाला खेळूच दिलं न्हाई. विष्णुबप्पा द्या आमाला."

"बदल्यात कोण देतोस?" कमिटीतल्या एकानं विचारलं.

"मानूस कुठून देऊ? आमी सहाच." त्यानं दोरी पुढं केली. "ह्यो घ्या."

जे हसले ते हसले, जे भडकले ते भडकले. आमचा बप्पा आणि बदल्यात एडका? गावाची इज्जत काही आहे का नाही? पारावर नुसता कल्ला. मीही उठून मारुतीला दोन शब्द सुनावणार होतो. तेवढ्यात कोणीतरी बप्पांना बोलावलं होतं ते आले. त्यांनी आधी एडक्याभोवती एक फेरी मारली. तोंड उघडून दात पाहिले, पाठीवर हात दाबून पाहिला.

"कळपातला सगळ्यात चांगला आनलास ह्यो?"

"हां."

"खोड?"

"दोरी तोडतो."

"आन माझी तुला म्हाईत हाय?"

"गुडघा ना? उमापूरवाल्यानं साऱ्या तालुक्यात केलंय."

"मंग मला कुठं उभा करनार?"

मारुतीला प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजे? मधी. तुमी न्हाई उभे ऱ्हायले तर सामनाच व्हत न्हाई आमचा."

बप्पा आमच्याकडं वळले. "ऐकलं का? तुमी बदल्यात पोरगं मागत फिरलात. ह्यानं घरातलं जितं जनावर काढून आनलंय माझ्यापायी. नारळ फोडा." कोणी हलेना म्हणून त्यांनीच पारावरच्या दगडावर फोडला. एडका कोणी घ्यायचा यावर पुन्हा वाद, आणि शेवटी तो माझ्याच दुकानामागं आला. त्यानं दोऱ्यांवर दोऱ्या तोडल्या, खताची पोती फाडली आणि एक दिवस आपल्या पायानं वस्तीवर निघून गेला. मी आणायला गेलो नाही.

आता बप्पा पुण्याकडं मुलीजवळ असतात. गेले त्याला बरेच महिने झाले, फोनवर नीट बोलत नाहीत, एका जागी उभं राहून बोलावं लागतं म्हणून असेल. मी त्यांना शेवटचं खेळताना पाहिलं ते त्याच हंगामात. एका जत्रेत चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिलाच सामना निघाला वस्तीची टीम आणि आम्ही.

दुपारची वेळ. वस्तीच्या पोरांचे शर्ट एका रंगाचेसुद्धा नव्हते. बप्पा मध्ये. आमची सगळी पोरं आधी जाळीखालून जाऊन त्यांच्या पाया पडली. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मला काहीतरी खटकायला लागलं. अक्षयचा चेंडू वस्तीच्या प्रत्येकाकडं जात होता, फक्त बप्पांकडं जात नव्हता. दुसऱ्याचाही नाही. कोणी ठरवलं नव्हतं. ज्याच्या पाया पडलो त्याच्या अंगावर मारायला कोणाचा हात होईना. बप्पा इकडं सरकत, तिकडं सरकत, वाकून मुठी जुळवून तयार, आणि चेंडू त्यांच्या बाजूनं निघून जातोय. पहिला गेम आम्ही असा जिंकला की बप्पांचा चेंडूला हातही लागला नाही.

दुसऱ्या गेमलाही तेच. मला जागेवर बसवेना. मी बूट काढले, घातले. बप्पांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. आणि मध्येच ते जागा सोडून चालत आले आणि दोन्ही हातांनी त्यांनी जाळी धरली.

"अक्षय, मी काय खांब हाय का बे?"

"न्हाई बप्पा."

"मंग माझ्याकडं कावून मारीना गेलास?"

अक्षय खाली बघायला लागला. "बप्पा... तुमाला लागंल."

"लागू दे ना! चेंडू लागायलाच आलोय मी हितं."

पंचानं शिट्टी वाजवली. बप्पा त्याच्यावर उलटले. "पंचसाहेब, आमी सात जन हावोत. मोजा. ही पोरं सहाजनांसंगंच खेळायलीत. सातव्याला मोजायचंच न्हाई ह्यो कोनता नियम हाय, सांगा मला." लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. अक्षयनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्याही. मी म्हणालो, "मार."

त्यानं मारला. चेंडू बप्पांच्या मनगटावर आदळून पार रसवंतीच्या मांडवात गेला. गुण आमचा. बप्पांनी मनगट झटकलं आणि ओरडले, "हां! आता!" पुढचा छातीवर. बप्पा खाली बसले, हात टेकून उठले, मातीनं भरलेले. वस्तीतला एक जण धरायला गेला तर त्याला शिवी हासडली. अक्षय आता थांबत नव्हता, डेअरीचे कॅन फेकावेत तसा चेंडू फेकत होता, आणि बप्पा प्रत्येकाच्या वाटेत उभे. एक चेंडू त्यांनी घेतला. दोन्ही मुठी कपाळाच्या वर, तोच जुना आवाज, आणि तो आमच्या दोन पोरांच्या मधून जमिनीत घुसला. मैदान उठून उभं राहिलं. आमच्याच गावची माणसं आमच्याविरुद्ध शिट्ट्या मारत होती, त्यात मीही होतो.

तरी जिंकलो आम्हीच. शेवटचा चेंडूही बप्पांच्याच हातातून सुटला. पंचाची लांब शिट्टी झाली, दोन्हीकडची पोरं त्यांच्याकडं पळाली. कोणी पायाशी वाकलं, कोणी खांद्यावर घ्यायला आलं.

"हटा बे, पाया पडू नका, मधी येऊ नका," त्यांनी दोन्ही हातांनी पोरांना बाजूला केलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन वाकले. मुठी जुळवल्या. कोपरातून रक्त येत होतं. "अक्षय, आनखी एक."

"बप्पा, सामना संपला," पंच म्हणाला.

बप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आनखी एक म्हन्तो ना. आन."

पांगायला लागलेले लोक थांबले. अक्षयनं चेंडू एकदा जमिनीवर आपटला, आणि या वेळी माझ्याकडं न बघता, होता नव्हता तेवढा जोर लावून, सरळ बप्पांवर मारला.